सागरी नळ्यांचे कार्टेल: आकडा वॉशिंग्टनचा, निकाल लंडनचा

नोव्हेंबर 2008 मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने सागरी नळ्यांच्या कार्टेलमध्ये, म्हणजे दर आणि गिऱ्हाइके आपसात वाटून घेणाऱ्या कंपन्यांच्या गुप्त संगनमतात, सामील झालेल्या तीन ब्रिटिश नागरिकांच्या शिक्षा कमी केल्या. खालच्या न्यायालयाने दोघांना तीन-तीन वर्षे आणि तिसऱ्याला अडीच वर्षे सुनावली होती. अपिलात पहिल्याची तीस महिन्यांवर आली, दुसऱ्याची चोवीसवर, तिसऱ्याची वीसवर. तीस, चोवीस, वीस हे आकडे त्या न्यायाधीशांनी काढलेले नव्हते. जवळपास वर्षभर आधी अमेरिकेच्या न्याय खात्याच्या वकिलांनी आरोपींशी केलेल्या लेखी करारात ते जसेच्या तसे लिहिलेले होते. ब्रिटनमध्ये, ब्रिटिश कायद्याखाली, ब्रिटिश माणसांना झालेल्या शिक्षेचे माप अटलांटिकच्या पलीकडे ठरले होते.

स्पर्धा कायद्याच्या वर्गात आंतरराष्ट्रीय सहकार्य शिकवताना सामंजस्य करार, परिषदा, शिफारशी यांची यादी सांगितली जाते. यादी खरी असते, पण त्यातून हे सहकार्य प्रत्यक्षात कसे चालते आणि त्याची किंमत कोण मोजतो ते कळत नाही. त्यासाठी सागरी नळ्यांचे हे एकच प्रकरण पुरेसे आहे असे मला वाटते.

आधी वस्तू समजून घेऊ. किनाऱ्यापासून दूर समुद्रात तरंगता बोया असतो. तेलवाहू जहाज त्याला येऊन बांधले जाते आणि जाड रबरी नळ्यांमधून कच्चे तेल भरले किंवा उतरवले जाते. या नळ्यांना लाटांचे हेलकावे, खारे पाणी आणि आतल्या तेलाचा दाब हे सगळे एकाच वेळी सोसावे लागते. नळी फुटली तर तेल थेट समुद्रात. त्यामुळे कुठल्याही रबर कारखान्याकडून ती घेता येत नाही. आपल्याकडे 1976 मध्ये बॉम्बे हायचे तेल निघू लागले तेव्हा उरणपर्यंतची पाइपलाइन तयार नव्हती. ती 1978 मध्ये आली, तोवर तेल बोयावरून टँकरमध्ये भरूनच किनाऱ्यावर आणत. वाडिनारला आयात तेल आजही असेच उतरते.

जगात या नळ्या बनवणारे मोजकेच होते. जपानचे ब्रिजस्टोन आणि योकोहामा, ब्रिटनमधील डनलॉप ऑइल अँड मरीन, फ्रान्समधून माल देणारे स्वीडिश ट्रेलेबोर्ग, इटलीतील पार्कर आयटीआर आणि मनुली. युरोपीय आयोगाच्या निर्णयानुसार निदान 1986 पासून या मंडळींनी जगाची बाजारपेठ आपसात वाटून घेतली होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मध्ये दोनेक वर्षे ही घडी विस्कटली, मग पुन्हा नीट बसवली गेली.

पद्धत आपल्या वाचकाला फार समजावून सांगायला नको. ग्रामपंचायतीच्या रस्त्यापासून जिल्हा परिषदेच्या इमारतीपर्यंत 'टेंडर मॅनेज होणे' म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? एक खरे टेंडर, बाकीची दोन सोबतीला. इथे फरक एवढाच की गिऱ्हाईक शेल किंवा एक्सॉनसारख्या तोलामोलाच्या तेल कंपन्या आणि सरकारे होती, आणि मॅनेज करायला पगारी माणूस नेमलेला होता. हा संयोजक म्हणजे इंग्लंडमधला एक सल्लागार. कंपन्या त्याला वर्गणी देत. कुठल्याही सदस्याकडे चौकशी आली की ती त्याला कळवायची. कुणाच्या वाट्याचा किती टक्के माल झाला, कुणाचा राहिला, हा हिशेब तो ठेवी आणि त्यावरून हे काम कुणाला जायचे ते ठरवी. ज्याच्या वाट्याला काम, तो त्या निविदेचा 'चॅम्पियन'. चॅम्पियन कोणता दर भरणार ते बाकीच्यांना कळवले जाई आणि त्यांनी त्याहून चढे दर भरायचे. दराची एक समान यादी होती, पत्रव्यवहारात सांकेतिक नावे होती, आणि अधूनमधून बैठका होत. तेल कंपनीच्या खरेदी विभागाच्या टेबलावर मात्र चार देशांतून आलेली चार वेगवेगळी पाकिटे पडत, आणि सगळे अगदी नियमाप्रमाणे झालेले दिसे.

असल्या कार्टेलला एकटा देश पकडू शकत नाही. बैठक एका देशात, कागद दुसऱ्यात, कारखाना तिसऱ्यात आणि फसलेले गिऱ्हाईक चौथ्यात. एका ठिकाणी छापा पडला की संध्याकाळपर्यंत बाकीच्या ठिकाणची कपाटे रिकामी.

फोडले ते आतल्याच माणसाने. योकोहामाने माफी योजनेचा आधार घेतला. कार्टेलमधून जो पहिला येऊन सगळे सांगेल त्याला दंड पूर्ण माफ, अशी ही योजना. अमेरिकेने ती 1993 मध्ये आजच्या रूपात आणली, युरोपने 1996 मध्ये, जपानने 2006 मध्ये. या योजनेची खरी ताकद तपासापेक्षा धास्तीत आहे: आपण आज गप्प राहिलो आणि दुसरा उद्या गेला तर? बहुराष्ट्रीय कंपनीला एका देशात कबुली देऊन भागत नाही, ती सगळीकडे द्यावी लागते, कारण एका राजधानीत दिलेला कबुलीजबाब दुसऱ्या राजधानीत आरोपपत्र होऊ शकतो. आणि सगळीकडे कबुली दिली की कंपनी स्वतःच त्या त्या यंत्रणांना लेखी संमती देते की माझ्याविषयी तुम्ही आपसात बोललात तरी चालेल. अधिकाऱ्यांच्या फोनवरच्या गप्पांना कायदेशीर आधार मिळतो तो या संमतीपत्रातून. देशादेशांतले करार सहसा एवढेच सांगतात की एकमेकांना कळवा आणि एकमेकांच्या हिताची दखल घ्या. गोपनीय माहिती द्या असे त्यांतले बहुतेक करार म्हणत नाहीत. माझ्या मते सहकार्याच्या इमारतीतला सर्वांत भार सोसणारा खांब हे संमतीपत्र आहे. परिषदांच्या जाहीरनाम्यांत मात्र त्याला फारशी जागा मिळत नाही.

2 मे 2007. ह्यूस्टनमध्ये दरवर्षी मेच्या सुरुवातीला समुद्री तेलउद्योगाचा मोठा मेळावा भरतो, त्यामुळे या धंद्यातली माणसे त्या शहरात दिसली तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. कार्टेलची बैठक तिथेच झाली. ती आटोपल्यावर ह्यूस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोत मिळून आठ अधिकाऱ्यांना अटक झाली. त्यांत ब्रिटनचे, फ्रान्सचे, इटलीचे आणि जपानचे लोक होते. त्याच सुमारास अटलांटिकच्या अलीकडे ब्रिटनच्या 'ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग' या स्पर्धा नियामकाने आणि युरोपीय आयोगाने झडत्या सुरू केल्या, जपानच्या स्पर्धा आयोगानेही आपल्या कंपन्यांची दारे ठोठावली. वेगवेगळ्या कालमानांत बसलेल्या, वेगवेगळे कायदे चालवणाऱ्या यंत्रणांनी घड्याळे जुळवली होती. एखाद्या यंत्रणेने घाई केली असती तर बाकीच्यांचा तपास तिथेच संपला असता. म्हणजे कुणीतरी आठवडेच्या आठवडे हातात पुरावा असून गप्प बसले होते. तपास यंत्रणेच्या दृष्टीने हा त्याग लहान नाही.

इथपर्यंत सगळे छान. पेच पुढे आला.

अटक झालेल्यांत तिघे ब्रिटिश होते: तो संयोजक आणि डनलॉपच्या सागरी नळ्यांच्या कंपनीचे दोन वरिष्ठ अधिकारी. अमेरिकेत कार्टेल हा शंभराहून अधिक वर्षे फौजदारी गुन्हा आहे आणि 2004 पासून त्यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्रिटनने 2002 च्या एंटरप्राइज कायद्याने तो व्यक्तींसाठी फौजदारी केला, कमाल शिक्षा पाच वर्षे. हा कायदा अमलात येऊन चार वर्षे झाली तरी त्याखाली एकही शिक्षा झालेली नव्हती. आरोपी अमेरिकेच्या ताब्यात, आणि पहिल्या खटल्याची गरज ब्रिटनला.

तोडगा निघाला तो असा. तिघांनी डिसेंबर 2007 मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करण्याच्या करारावर सह्या केल्या. करारात प्रत्येकाची शिक्षा ठरली: तीस, चोवीस आणि वीस महिने. त्यानंतर त्यांना पहाऱ्यात ब्रिटनला न्यायचे, तिथे त्यांनी ब्रिटिश कायद्याखालचा गुन्हाही कबूल करायचा. ब्रिटिश न्यायालयाने ठरलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त कैद दिली तर अमेरिकेत वेगळी भोगावी लागणार नाही. कमी दिली तर उरलेले महिने भोगायला अमेरिकेत परत यायचे. आणि शेवटची अट अशी की ब्रिटिश न्यायालयात त्यांनी या आकड्यांहून कमी शिक्षा मागायची नाही.

तिघांच्या बाजूने पाहिले तर व्यवहार वाईट नव्हता. घरापासून हजारो मैलांवर टेक्सासच्या तुरुंगात राहण्यापेक्षा आपल्या देशात, बायकामुले भेटायला येऊ शकतील अशा ठिकाणी शिक्षा भोगणे कुणीही निवडेल. एकाच कृत्यासाठी दोन देशांत दोनदा कैद होण्याची भीतीही टळत होती. अमेरिकेला खटला न चालवता दोषसिद्धी मिळाली, ब्रिटनला पहिलावहिला फौजदारी निकाल मिळाला. सगळ्यांचेच भले झाले, असे प्रथमदर्शनी वाटते.

जून 2008 मध्ये साउथवर्क क्राउन न्यायालयाने शिक्षा सुनावल्या आणि त्या अमेरिकी आकड्यांहून जास्त भरल्या. शिवाय संयोजक आणि एका अधिकाऱ्यावर सात वर्षे, तर दुसऱ्यावर पाच वर्षे कंपनी संचालक होण्यास बंदी घातली गेली. तिघे अपिलात गेले. आणि मग तो विचित्र प्रसंग आला. अपील न्यायालयात शिक्षा कमी करा म्हणून उभा राहिलेला वकील एका रेषेच्या खाली मागूच शकत नव्हता. न्यायाधीशांना हे कळत होते. एरवी युक्तिवाद ऐकून आम्ही कदाचित आणखीही खाली गेलो असतो, पण तशी मागणीच आमच्यापुढे नाही, आणि न मागितलेले आपणहून दिले तर या माणसांना पुन्हा अमेरिकेचे विमान धरावे लागेल, अशी त्यांची अडचण होती. अमेरिकी सरकारी वकिलाने ब्रिटिश न्यायालयातल्या बचावाच्या वकिलाचे हात असे बांधावेत का, याविषयी न्यायालयाने निकालात उघड शंका व्यक्त केली. नाराजी नोंदवली आणि अखेर आकडे तेच ठेवले. तीस, चोवीस, वीस.

या निकालावर दोन प्रकारचे शेरे वाचायला मिळतात. सरकारी बाजूचे लोक याला सहकार्याचा आदर्श नमुना म्हणतात. बचाव पक्षाचे वकील म्हणतात की हे सहकार्य नव्हते, ज्याच्या तुरुंगात माणूस होता त्याने बाकीच्यांना अटी घातल्या. मला दुसरे म्हणणे जास्त पटते. पहिले चुकीचे नाही, पण त्यात आरोपीची बाजू धरलेलीच नाही. दोन यंत्रणा एकमेकींशी जितक्या जुळवून घेतात तितकी त्यांच्या मधल्या फटीत उभ्या असलेल्या माणसाची जागा आक्रसते. गुन्हेगार असला तरी शिक्षेच्या मापाविषयी न्यायालयात मोकळेपणी बोलण्याचा हक्क त्याला असतो, आणि इथे तो दोन सरकारांच्या सोयीखाली दबला.

उरलेल्या देशांचे थोडक्यात. युरोपीय आयोगाने 28 जानेवारी 2009 रोजी एकूण 13.15 कोटी युरोंचा दंड ठोठावला. ब्रिजस्टोनच्या वाट्याला 5.85 कोटी आले, योकोहामाला शून्य. ब्रिजस्टोन आणि पार्कर आयटीआर यांनी कार्टेलचे पुढारपण केले म्हणून त्यांचा दंड 30 टक्क्यांनी वाढवला होता. जपानच्या आयोगाने फेब्रुवारी 2008 मध्ये आदेश काढला तो परदेशी कंपन्यांनाही लागू केला, त्या आयोगासाठी ही मोठीच झेप होती. पण पैशाची वसुली ब्रिजस्टोनकडून झाली ती केवळ 23 लाख 80 हजार येन, कारण हिशेब जपानमधल्या विक्रीपुरता धरला जातो. कोरिया, ऑस्ट्रेलिया, ब्राझील यांनीही आपापले हिशेब चुकते केले. जगभराचे एकच कार्टेल, पण दंडाचे तुकडे देशागणिक, आणि प्रत्येक तुकड्याचे गणित निराळे.

अमेरिकेतही सगळे सरळ झाले नाही. मनुलीच्या दोन अधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल करायला नकार दिला आणि खटला लढवला. फ्लोरिडातल्या ज्यूरीने नोव्हेंबर 2008 मध्ये त्यांना निर्दोष सोडले.

आणि एक माणूस निसटला होता असे वाटत होते. पार्कर आयटीआरचा माजी अधिकारी रोमानो पिशोटी, इटालियन नागरिक. अमेरिकेत त्याच्यावर 2010 मध्ये आरोपपत्र दाखल झाले, पण ते सीलबंद ठेवले गेले. जून 2013 मध्ये नायजेरियाहून इटलीला जाताना फ्रँकफर्टला विमान बदलत असताना जर्मन पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले.

प्रत्यार्पणाचा सर्वमान्य नियम असा की कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे. जर्मनीत कार्टेल हा सर्वसाधारणपणे दंडाचा मामला आहे, तुरुंगाचा नाही. मात्र निविदेतले संगनमत तेवढे जर्मन दंड संहितेत गुन्हा आहे, आणि सागरी नळ्यांची विक्री निविदांमधूनच होत होती. पिशोटी अडकला तो या एका कलमात. नुसते दर ठरवण्याचे कार्टेल असते तर तो कदाचित त्याच दिवशी घरी पोहोचला असता. एप्रिल 2014 मध्ये त्याला अमेरिकेच्या हवाली केले गेले. कार्टेलच्या आरोपावरून झालेले हे जगातले पहिले प्रत्यार्पण. त्याने गुन्हा कबूल केला, शिक्षा दोन वर्षे झाली आणि जर्मनीतल्या कोठडीचे नऊ महिने त्यातून वजा झाले.

त्याची तक्रार बिनबुडाची नव्हती. जर्मन राज्यघटना आपल्या नागरिकाला युरोपीय संघाबाहेरच्या देशाच्या हवाली करू देत नाही. मग संघातल्याच दुसऱ्या देशाच्या नागरिकाला कसे देता, हा राष्ट्रीयत्वावरून भेदभाव नाही का? युरोपीय संघाच्या न्यायालयाने 10 एप्रिल 2018 रोजी उत्तर दिले: देता येईल, पण आधी त्याच्या मायदेशाला कळवून युरोपीय अटक वॉरंट काढून त्याला स्वतःकडे मागून घेण्याची संधी द्यायला हवी. इटलीला कळवले होते, इटलीने वॉरंट काढले नाही. निकाल आला तोवर पिशोटी शिक्षा भोगून कधीच घरी गेलेला होता.

भारताचे काय? हे कार्टेल मे 2007 मध्ये मोडले तेव्हा आपला 2002 चा स्पर्धा कायदा बहुतांशी कागदावर होता. त्या कायद्याखालच्या स्पर्धा आयोगाच्या रचनेवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, कायद्यात दुरुस्ती करावी लागली, आणि कार्टेलविरोधी कलम 3 अमलात आले ते 20 मे 2009 रोजी. त्याआधीचा, मक्तेदारी रोखण्यासाठी असलेला एमआरटीपी आयोग परदेशात झालेल्या कराराला हात लावू शकत नाही, हे अमेरिकी सोडा ॲशच्या निर्यात कार्टेलसंबंधीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच स्पष्ट केले होते. ओएनजीसी आणि इंडियन ऑइल बोया आणि नळ्यांवर तेल हाताळत होत्या, पण त्या धंद्यातल्या कार्टेलवर बोट ठेवायला दिल्लीत कुणी नव्हते.

आता आहे. कलम 32 खाली करार परदेशात झाला असला तरी भारतातल्या बाजारावर परिणाम होत असेल तर आयोग चौकशी करू शकतो, आणि कलम 18 खाली केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीने परदेशी यंत्रणांशी करार करू शकतो. अमेरिका, युरोपीय संघ, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, ब्रिक्स देश यांच्याशी तसे करार झालेलेही आहेत. मात्र आपल्याकडे कार्टेल फौजदारी गुन्हा नाही, त्यामुळे ह्यूस्टनसारख्या अटका इथे संभवत नाहीत आणि निव्वळ कार्टेलच्या आरोपावरून भारतातून कुणाचे प्रत्यार्पण होणेही अवघड.

ही यंत्रणा किती चालते ते मोटारी वाहून नेणाऱ्या जहाज कंपन्यांच्या प्रकरणात दिसले. जपानी कंपन्या एकमेकींच्या जुन्या गिऱ्हाइकाला हात न लावण्याचा नियम पाळत होत्या. अमेरिका आणि जपानमध्ये 2014 मध्ये, तर युरोपात 2018 मध्ये निकाल लागले. भारतीय आयोगाचा आदेश आला 20 जानेवारी 2022 रोजी. इथेही योकोहामासारखे सगळे सांगणारे होते, पण प्रत्येक देशाची रांग वेगळी असते. युरोपात मित्सुई ओएसके लाइन्स पहिली पोहोचली आणि तिला पूर्ण माफी मिळाली. भारतात निप्पॉन युसेन तिच्या आधी येऊन बसली होती. तिचा दंड शंभर टक्के माफ झाला आणि मित्सुईला 50 टक्के सूट मिळूनही 10.12 कोटी रुपये भरण्याचा आदेश निघाला.